जुन्या गाडीची वायरिंग : शोध आधी, बदल नंतर

नागपूरहून हैदराबादकडे जाणारा रस्ता हिंगणघाट, वडकी, करंजी करत पांढरकवड्याला येतो आणि पुढे पाटणबोरी, पिंपळखुटीवरून पैनगंगेपलीकडे आदिलाबादच्या दिशेने निघतो. पूर्वी तो राष्ट्रीय महामार्ग ७ होता, आता ४४ झाला. पांढरकवडा हे केळापूर तालुक्याचे ठाणे कापसाचे, आणि कापूस म्हटला की बैलगाडीपासून ट्रकपर्यंत सगळी वाहतूक आलीच. अशा गावात जुनी गाडी हौसेची वस्तू होण्याआधी कामाची वस्तू असते. महिंद्राची जीप, फियाट, मॅटाडोर, राजदूत, येझदी, चेतक या गाड्यांनी आपापल्या काळात बाजार, दवाखाना, लग्न, कोर्ट सगळे ओढले आणि मग एके दिवशी त्या गोठ्याशेजारी उभ्या राहिल्या. त्यांतल्या पुष्कळ गाड्यांचे इंजिन अजून चांगले असते. दिवा लागेना, सेल्फ मारेना, बॅटरी रात्रीतून उतरायला लागली, चालता चालता गाडी बंद पडून अर्ध्या तासाने आपोआप सुरू व्हायला लागली, एवढ्यावरून कुणीतरी निकाल देऊन टाकलेला असतो की हिची वायरिंगच गेली. या निकालाविरुद्ध माझे म्हणणे आहे. ‘वायरिंग गेली’ असे म्हणणे म्हणजे निदान टाळणे. आग लागल्याखेरीज गाडीतली सगळी वायर एकदम जात नाही. ती एका जोडाशी, एका बोल्टखाली, एखाद्या स्विचच्या पत्रीत जाते. ती जागा शोधता येते, आणि ती सापडेपर्यंत गाडीतले काहीही बदलू नये.

घरातल्या वायरिंगची सवय असलेल्या माणसाला गाडीची वायरिंग अर्धीच दिसते. घरात करंट जायला एक तार आणि परत यायला दुसरी. गाडीत दिव्याकडे बहुधा एकच वायर जाते; परतीची वाट म्हणजे गाडीचे लोखंड. बॅटरीचे एक टोक जाड पट्टीने चॅसिसला बांधलेले असते आणि दिवा, हॉर्न, वायपरची मोटर हे सगळे आपल्या अंगानेच लोखंडाला टेकून फेरा पूर्ण करतात. ही अर्थिंगची वाट डोळ्यांना दिसत नाही, नकाशातही तिला एवढीशी खूण असते, आणि जुन्या गाडीतले सगळ्यांत चिवट दोष तिथेच दडून बसतात. कारणे साधी आहेत. लोखंड गंजते. रंगकाम करणारा बोल्टखालच्या जागेवरही रंग मारून मोकळा होतो. आपल्या काळ्या मातीचा चिखल चॅसिसच्या कोपऱ्यांत बसला की पाऊस सरला तरी आत ओल धरून ठेवतो. वायरीच्या वेष्टणाची कथा वेगळी. प्लॅस्टिक रुळण्याआधीच्या गाड्यांत तांब्यावर रबर आणि रबरावर सुताची वीण असे. म्हणजे कापूस इथल्या गाडीच्या पोटातही होताच. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातला उन्हाळा ४५ अंशांपर्यंत जातो, बोनेटखाली तर त्याहून कितीतरी जास्त. रबर कडक होऊन तडकते, सूत उंदीर कुरतडतात. तरीही आतले तांबे लांबीभर बहुधा शाबूत असते. ते बिघडते टोकाशी, जिथे त्याला हवा आणि ओल लागते. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक ठेवले की ते कळकते आणि भांड्याला हिरवट थर धरतो. तसलाच थर वायरीच्या टोकाशी, थिंबलच्या आत, बल्बच्या होल्डरमध्ये चढतो. तो खरवडेपर्यंत करंटला नीट वाट मिळत नाही.

हा थर किती नुकसान करतो ते आकड्यांत पाहिले पाहिजे, नाहीतर त्यावर विश्वास बसत नाही. ६ व्होल्टच्या जुन्या गाडीचा ३५ वॉटचा हेडलाइट सुमारे ६ अँपिअर करंट ओढतो. अर्थिंगच्या जोडात फक्त ०.१ ओहमचा अडथळा आला तर ०.६ व्होल्ट तिथेच खर्च होतात, म्हणजे एकूण व्होल्टेजचा दहावा हिस्सा. पण फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजहून फार वेगाने उतरतो. व्होल्टेज दहा टक्के कमी झाले की उजेड जवळपास तीस टक्के जातो. तेवढ्याच वॉटचा दिवा १२ व्होल्टवर असता तर करंट निम्मा, खर्च ०.३ व्होल्ट आणि उजेडातली घट दहा टक्क्यांच्या आत राहिली असती. ६ व्होल्टच्या गाड्यांचे दिवे मुळातच मिणमिणते असतात, अशी जी समजूत आहे तिच्यात कारखान्याचा दोष थोडा आणि गंजलेल्या बोल्टांचा जास्त आहे. सेल्फच्या बाबतीत हिशेब आणखी कडक होतो. सेल्फ मोटर मारताना २०० अँपिअर करंट वाहत असेल आणि वाटेत ०.०१ ओहमचा अडथळा असेल, तर २ व्होल्ट वाटेतच मुरतात. इंजिन रडत रडत फिरते, मालक नवी बॅटरी आणतो, नव्या बॅटरीच्या जोरावर काही महिने निभावते आणि मग पुन्हा तेच. इंजिन आणि चॅसिस यांना जोडणारी पट्टी तुटलेली असली तर करंट दुसरी वाट धरतो. ती वाट कधी चोकची केबल असते, कधी अॅक्सिलरेटरची. एवढासा तो तारेचा दोर सेल्फ मारताना हाताला चटका देण्याइतका तापतो. बॅटरी, सेल्फ, केबल अशा तीन वस्तू बदलून झाल्यावरही मूळ दोष, म्हणजे एक सुटलेली पट्टी, जिथल्या तिथे असते.

शोध कसा चालतो, ते मागच्या एका दिव्यावरून पाहू. ब्रेक दाबला की टेललाइट उजळायच्या ऐवजी मंद होतो, किंवा इंडिकेटर लावला की टेललाइट त्याच्या तालावर उघडझाप करू लागतो. पाहणाऱ्याला वाटते की वायरी एकमेकींना चिकटल्या, शॉट झाला. खरे तर तिन्ही बल्ब एकाच घरात बसतात आणि त्या घराची अर्थिंग गेलेली असते. करंटला परतीची वाट बंद दिसली की तो शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून उलटा शिरून दुसरी वाट शोधतो. आता यावर मल्टिमीटर लावणारे बहुतेक जण पहिली चूक इथेच करतात. ते बल्ब काढतात, होल्डरमध्ये मीटरचे टोक धरतात, मीटर १२ व्होल्ट दाखवतो आणि ते म्हणतात, करंट येतोय, वायर ठीक आहे. पण मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही, म्हणून पिळातला एकच पदर उरलेल्या वायरीवरही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. त्याच वायरीवर बल्बाचा भार आला की ती माघार घेते. म्हणून बल्ब जागेवर ठेवून, दिवा चालू ठेवून मोजावे लागते. मीटरचे एक टोक बॅटरीच्या चॅसिसकडच्या टोकावर धरायचे, दुसरे बल्बच्या पितळी अंगावर. सगळे ठीक असेल तर आकडा शून्याजवळ येतो. अर्धा-पाऊण व्होल्ट आला तर तेवढे व्होल्टेज परतीच्या वाटेत गळते आहे. मग दुसरे टोक एकेक पाऊल बॅटरीकडे सरकवायचे : दिव्याचे घर, त्याचा स्क्रू, मडगार्डचा पत्रा, चॅसिस, पट्टीचा बोल्ट. ज्या पावलावर आकडा एकदम पडतो, त्या दोन पावलांच्या मधे दोष आहे. तिथे सॅंडपेपर मारायचा, बोल्ट आवळायचा, थोडे ग्रीस लावायचे. काम संपले. एका वाटेवर पंधरा जोड असतील तर पंधराही तपासायची गरज नाही. मधोमध तपासले की निम्मे जोड सुटतात, उरलेल्यांच्या मध्यावर तपासले की आणखी निम्मे, आणि चौथ्या तपासणीपर्यंत जागा हाती येते. चाळीस रुपयांचा बल्ब आणि दोन वायरी जोडून केलेला टेस्टलॅम्प या कामात महागड्या मीटरच्या बरोबरीने उभा राहतो, कारण तो स्वतः भार घेतो.

आपल्या भागातला उन्हाळा या विषयात एक खास फसवणूक घेऊन येतो. दुपारी भर उन्हात फियाट किंवा अँबेसिडर करंजीच्या अलीकडे बंद पडते. अर्धा तास सावलीत उभी केली की सुरू होते. जाणकार सांगतात की पेट्रोलची वाफ झाली, पंपावर ओले फडके टाका. फडके टाकतात, गाडी सुरू होते, आणि निदान बरोबर ठरल्याचे समाधान मिळते. पण इग्निशन कॉइलच्या आतली गुंडाळी तापून तुटक होत असेल तरीही गाडी अशीच बंद पडते, आणि थंड झाल्यावर अशीच सुरू होते. फडके टाकून बसलेल्या त्या अर्ध्या तासात पंपही थंड झाला आणि कॉइलही. दोघांपैकी कोण दोषी होते हे त्यावरून कळत नाही. दोन वेगळ्या कारणांचे लक्षण एकच, आणि एकाच उपायाने दोन्ही तात्पुरती बरी होतात. हा गुंता सोडवणारी तपासणी एकच आहे, आणि तिची वेळ ठरलेली आहे : गाडी बंद पडल्या पडल्या, काहीही थंड होण्याआधी, प्लगची वायर काढून ठिणगी पाहणे. निळी, कडक ठिणगी पडली तर पेट्रोलकडे पाहा. पडली नाही किंवा पिवळट, मरगळलेली पडली तर कॉइल, कंडेन्सर, पॉइंट. पाच मिनिटांनी केलेली तीच तपासणी कदाचित काहीच सांगणार नाही. हा दाखला मी मुद्दाम लांबवला, कारण विजेच्या दोषाचा सगळा स्वभाव त्यात आहे. दोष कुठे आहे याइतकेच तो केव्हा असतो हे महत्त्वाचे. फक्त पावसात, फक्त इंजिन तापल्यावर, फक्त ब्रेक दाबल्यावर, फक्त खड्ड्यातून जाताना. मालकाने सांगितलेला हा ‘फक्त’ ऐकून घेतला तर निम्मे काम गाडीला हात लावायच्या आधीच होते.

अंदाजाने काम करता येते, वर्षानुवर्षे मिस्त्री तसेच करत आले, असा आक्षेप इथे येतो. तो मी हलका मानत नाही. मुरलेल्या मिस्त्रीचा अंदाज म्हणजे शेकडो गाड्यांचा साठलेला पुरावाच असतो, आणि रोज चालणाऱ्या, एका साच्याच्या गाड्यांत तो दहापैकी आठ वेळा बरोबर येत असेल तर नवल नाही. पण जुन्या गाडीला साचा उरलेला नसतो. महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीप जुळवायला सुरुवात केली, वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियरने कुर्ल्यात फियाट बनवली, अँबेसिडर ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डवरून आली. म्हणजे अमेरिकन, इटालियन आणि ब्रिटिश अशा तीन घराण्यांची वीज एकाच रस्त्यावर धावत होती. महायुद्धातली विलीज ६ व्होल्टची, तिचे ऋण टोक चॅसिसला. फियाट ११०० चेही ऋणच, पण ती १२ व्होल्टची. साठच्या दशकापर्यंतच्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांचे धन टोक चॅसिसला. एका घराण्याची सवय दुसऱ्यावर लादून बॅटरी उलटी बसवली की अँमीटर उलटा चालतो, कॉइलची ठिणगी मंदावते, डायनॅमोला पुन्हा ध्रुव द्यावे लागतात; आणि मधल्या काळात कुणी अल्टरनेटर बसवलेला असेल तर त्याचे डायोड क्षणात जळतात. लुकास कंपनीच्या ब्रिटिश पद्धतीत रंगांची शिस्त होती : बॅटरीकडून थेट येणारी वायर तपकिरी, इग्निशनमधून येणारी पांढरी, तिथून फ्यूज ओलांडून जाणारी हिरवी, हेडलाइटची निळी, साइड दिव्यांची लाल, अर्थिंगची काळी. ही शिस्त माहीत असली तर डॅशबोर्डखाली डोके घातल्यावर घाबरायला होत नाही. पण पन्नास वर्षांत पाच हात फिरलेल्या गाडीत तपकिरी वायर स्विचमागे जाते आणि टेपाच्या गाठीतून पिवळी होऊन बाहेर पडते, कारण त्या दिवशी दुकानात पिवळीच शिल्लक होती. नकाशा सांगतो की काय असायला हवे होते. टेस्टलॅम्प सांगतो की आता काय आहे. अंदाज बांधणाऱ्या मिस्त्रीला या दोन्हींची जोड मिळाली तर त्याच्या अनुभवाचे मोल वाढते. त्याचा अपमान होतो असे मला वाटत नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा आहे, आणि तो जास्त टोचतो. वायरिंगचे तयार किट मिळते, एका दिवसात बसते. शोधात दोन दिवस घालवायचे कशाला? किट बसवल्यावर काय होते ते पाहावे. किटबरोबर वायरी येतात. गंजलेला चॅसिसचा बोल्ट, स्विचमधली झिजलेली पत्री, बल्बचे हिरवे पडलेले होल्डर, ढिली झालेली अर्थिंगची पट्टी हे सगळे जुनेच राहते, आणि वर दाखवल्याप्रमाणे दोष बहुतेक तिथेच असतो. शिवाय जुनी वायर ओढून काढताना डॅशबोर्डमागची कडक झालेली टोके तुटतात आणि डझनावारी नवे जोड तयार होतात. त्यांतला प्रत्येक जोड उद्याचा दोष होऊ शकतो. स्वस्त किटमध्ये तांबे कमी असते, आणि पातळ वायर म्हणजे नवा अडथळा. सगळ्यांत मोठे नुकसान म्हणजे पुरावा नाहीसा होतो. गाठीचा प्रत्येक टेप कुणीतरी एकदा काहीतरी अडल्यावर लावलेला असतो; त्या गाठींचा क्रम वाचता आला तर दोष कुठे सुरू झाला ते कळते. रबर लांबीभर भुगा होत असेल तर वायरिंग बदलावीच लागते, यात शंका नाही. पण तेव्हाही आधी शोध घ्यावा, प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधावी, मूळ जाडीची आणि मूळ रंगाची वायर घ्यावी. बदल करायला माझी हरकत नाही. न समजता केलेल्या बदलाला आहे.

आगीच्या धोक्याचा आक्षेप मात्र मी पूर्णपणे मान्य करतो, आणि या बाबतीत जुन्या वस्तूच्या प्रेमाला झुकते माप देऊ नये. त्या काळच्या ब्रिटिश धाटणीच्या पुष्कळ गाड्यांत उणेपुरे दोन फ्यूज असत आणि हेडलाइटची वायर फ्यूजशिवायच जाई. तडकलेले रबर, पत्र्याच्या धारेवर घासणारी वायर आणि मधे फ्यूज नाही, शेजारी पेट्रोलची नळी. एवढे पुरे आहे. बॅटरीजवळ एक मुख्य फ्यूज आणि बॅटरी तोडायचा स्विच बसवावा. पत्र्याला भोक न पाडता हे दोन्ही बसवता येतात आणि कधीही काढता येतात, त्यामुळे गाडीच्या मूळपणाला धक्का लागत नाही. एलईडीबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. एलईडी दिवा इतका कमी करंट घेतो की गंजलेल्या अर्थिंगवरही तो झगझगीत पेटतो. मालक खूश होतो आणि दोष मागे सरकून हॉर्नची किंवा सेल्फची वाट पाहत बसतो. शिवाय जुन्या इंडिकेटरचा फ्लॅशर बल्बच्या करंटवर तापून-निवून चालतो. त्याला एलईडी जोडला की त्याचा ताल बिघडतो, मग फ्लॅशर बदला, मग वायर बदला. आधी अर्थिंग दुरुस्त करावी. त्यानंतर एलईडीची गरज वाटली तर बसवावा.

एवढा खटाटोप कशासाठी, असेही कुणी विचारेल. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी आणली. नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत, आणि अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात फेरफार नसावेत. या अटीत वायरिंगचे नाव नाही, म्हणून ती मालकाच्या मनावर सोडल्यासारखी झाली आहे. पण इंजिन मूळचे आणि त्याला चालवणारी वीज मात्र कुठलीतरी, अशी गाडी मूळची म्हणवेल का? ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियरच्या पद्मिनीची टॅक्सी गेली. गाड्या भंगारात गेल्या याचे दुःख सगळ्यांनी केले. त्या गाड्यांचा, डायनॅमो आणि बॅटरी यांच्यामधला कटआउट कानाने ओळखणाऱ्यांचे हात रिकामे झाले, त्याबद्दल फारसे कुणी बोलले नाही. हे ज्ञान मराठीत बोलले गेले, पण लिहिले फार कमी गेले. आयटीआयमधून निघालेल्या मुलाला डायनॅमो पाहायला मिळणे कठीण, आणि ज्याला डायनॅमो येतो त्याच्याकडे कागद नाही. गोठ्याशेजारची जीप उद्या पुन्हा चालू करायची तर या दोघांना एकमेकांची भाषा कळली पाहिजे. म्हणून या पुस्तकाच्या पुढच्या पानांत गॅरेजमधलेच शब्द ठेवले आहेत. सेल्फला सेल्फच म्हटले आहे, कटआउटला कटआउटच.

वाचकाने सोबत एक वही ठेवावी. दर तपासणीला तीन गोष्टी लिहाव्यात : कुठे मोजले, भार काय होता, आकडा किती आला. उभ्या गाडीची बॅटरी उतरते अशी तक्रार असेल तर या वहीचा उपयोग लगेच कळतो. ६० अँपिअर-तासांची बॅटरी अर्ध्या अँपिअरच्या गळतीने पाच दिवसांत रिकामी होते, आणि अर्धा अँपिअर म्हणजे ६ वॉटचा एखादा बल्ब. बॅटरीचे टोक काढून मधे टेस्टलॅम्प लावावा. तो पेटला तर फ्यूज एकेक करून काढावेत. सगळे फ्यूज काढूनही तो पेटतच राहिला तर डायनॅमोची वायर सोडवून पाहावी. त्याबरोबर लॅम्प विझला तर कटआउटचे पॉइंट चिकटले आहेत आणि बॅटरी उभ्या गाडीच्या डायनॅमोत रिकामी होते आहे. पहिल्या प्रकरणात मात्र यांतले काहीच नाही. ते बॅटरी आणि चॅसिस यांच्यामधल्या त्या वीतभर पट्टीवर आहे. तिचा बोल्ट सोडवून, दोन्ही बाजूंचा रंग पांढरे लोखंड दिसेपर्यंत खरवडून पुन्हा आवळायला दहा मिनिटे लागतात. ते करून मगच दुसऱ्या प्रकरणाचे पान उलटावे.